चेहऱ्यावरील आच्छादन : इस्लामी चित्रकलेतील पैगंबर

इस्लामी कला म्हटली की नक्षी, जाळी आणि सुलेखन एवढेच आपल्याकडील बहुतेक रसिकांच्या डोळ्यांपुढे येते. त्या धर्मात चित्राला मज्जावच आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. कुराणात मूर्तिपूजेचा निषेध आहे. चित्र काढण्यावर स्पष्ट बंदी नाही. सजीवांच्या चित्रांविषयीची नापसंती मुख्यतः हदीसांतून येते आणि तिचा अर्थ निरनिराळ्या काळी व प्रदेशांत निरनिराळा लावला गेला. मशिदींत आणि कुराणाच्या प्रतींत मानवाकृती कटाक्षाने टाळल्या गेल्या. परंतु इराण, मध्य आशिया आणि तुर्कस्तान येथील दरबारांसाठी सिद्ध झालेल्या इतिहासग्रंथांत व काव्यग्रंथांत प्रत्यक्ष पैगंबर महंमदांची चित्रे आहेत. ही चित्रे भक्तीसाठी भिंतीवर लावायची नव्हती, ग्रंथ वाचताना पाहायची होती.

तब्रीझ येथे मंगोल सुलतानांचा वजीर रशीदुद्दीन याने ‘जामिउत् तवारिख’ हा जगाचा इतिहास लिहवून घेतला. त्याची सुमारे 1314 ची सचित्र अरबी प्रत आज एडिंबरा विद्यापीठात आहे. काबागृहाच्या पुनर्बांधणीत काळा पाषाण कोणी बसवावा, यावरून टोळ्यांत तंटा झाला, तेव्हा तरुण महंमदांनी तो कापडावर ठेवून सर्वांना कडा धरायला लावल्या, हा प्रसंग तीत रंगविला आहे. चेहरा उघडा आहे. इतिहासकाराला जो न्यायी पुरुष सांगायचा होता, तोच चित्रकाराने दाखविला.

शंभराहून अधिक वर्षांनी, सुमारे 1436 मध्ये, हेरात येथे ‘मिराजनामा’ची प्रत तयार झाली. ती आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. येथे विषय इतिहासाचा नसून स्वर्गारोहणाचा आहे. चेहरा अजूनही दिसतो, पण भोवती सोनेरी ज्वाळा उसळल्या आहेत. माणूस आणि त्याला लाभलेले तेज, दोन्ही एकाच आकृतीत दाखविण्याचा हा प्रयत्न होय.

आणखी शतकभराने चेहरा झाकला गेला. शाह तहमास्पसाठी 1539 ते 1543 या काळात निजामीच्या ‘खम्सा’ची जी प्रत झाली, तीतील मिराजचे चित्र सुलतान मुहम्मद या चित्रकाराचे मानले जाते. गर्द निळे आकाश, वेटोळे घेणारे पांढरे ढग, चहूबाजूंनी झेपावणारे देवदूत. देवदूतांचे चेहरे उघडे आहेत, बुराक या वाहनाचा मानवी चेहराही उघडा आहे. पांढऱ्या वस्त्राने झाकलेला चेहरा एकच, आणि आपली नजर फिरून फिरून तेथेच थांबते. हे निव्वळ भीतीपोटी केलेले चित्र आहे, असे आम्हांस वाटत नाही. जे दाखवायचे नाही त्यालाच रचनेचे केंद्र करण्याचे धाडस येथे आहे. काही जुन्या चित्रांतील चेहरे पुढील काळात खरवडले वा झाकले गेले, हे खरे. तो हस्तक्षेप होता. चित्रकाराने स्वतः योजिलेल्या आच्छादनाची गणना त्यात करू नये.

मराठी वाचकाला येथे सगुण-निर्गुणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण ती तुलना फार ताणणे योग्य नव्हे. पैगंबर हे ईश्वर नव्हेत, मानव आहेत, हा इस्लामचा गाभा. ईश्वराला या परंपरेने रूप दिलेच नाही. पैगंबरांना रूप होते, हे कोणीच नाकारीत नाही. ते आपल्या हाताने बांधून टाकू नये, असा हा संकोच आहे. तो निर्गुणाचा सिद्धांत नव्हे, तर आदराची मर्यादा होय.

ओटोमन तुर्कांनी ही मर्यादा दुसऱ्या मार्गानेही पाळली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुलेखनकार हाफिज उस्मान याने ‘हिलिये’ या प्रकाराला घाट दिला. पैगंबरांचा बांधा, वर्ण, केस, चालणे यांचे परंपरेने आलेले वर्णन मधल्या वर्तुळात लिहिलेले, चित्र नाहीच. ते ज्याने त्याने मनात पाहावे. हैदराबादेतील आमच्या वाचकांना महंमद कुली कुतुबशाहाने बांधलेला बादशाही आशूरखाना परिचित असेल. तेथील भिंतींवर रंगीत फरशांचे अलम आहेत. करबल्याच्या वीरांचे स्मरण तेथे चेहऱ्याने नव्हे, चिन्हाने होते.

आज जगातील पुष्कळ मुसलमानांना पैगंबरांचे कोणतेही चित्र रुचत नाही. त्या भावनेचा मान राखूनही, ही चित्रे श्रद्धावान मुसलमानांनीच, श्रद्धेनेच काढली होती, हे इतिहासाने नोंदविलेच पाहिजे. त्यांना केवळ बंडखोरी म्हणणारे आणि ती नव्हतीच असे म्हणणारे, दोघेही त्या चित्रकारांवर अन्याय करतात. उघडा चेहरा, ज्वाळा, वस्त्र, अक्षर, चिन्ह ही एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत : ज्याच्याविषयी अपार आदर आहे, त्याला पाहावे कसे? हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. म्हणून परक्या परंपरेतील ही उत्तरे बंदीच्या एका शब्दात न गुंडाळता, एकेक चित्र समोर ठेवून समजून घ्यावीत, एवढेच आमचे मागणे आहे.