'बसेस' या अनेकवचनाविषयी

ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील परिवहन सेवांच्या बातम्यांत 'बसेस' हे रूप सर्रास आढळते. शुद्धतेचे आग्रही त्यास इंग्रजीची गुलामगिरी म्हणतात व विद्यार्थ्यांच्या निबंधांतून ते खोडतात. हा आक्षेप कितपत टिकतो हे पाहिले पाहिजे.

१८५३ साली बोरीबंदर-ठाणे लोहमार्ग सुरू झाला. रेल्वेबरोबर रुळलेल्या इंग्रजी शब्दांना मराठीने प्रथम लिंग दिले आणि लिंगानुसार वचन. नपुंसकलिंगी 'तिकीट'चे 'तिकिटे' झाले. उपान्त्य ईकारही देशी शब्दाप्रमाणे ऱ्हस्व झाला. पुल्लिंगी 'गार्ड' अविकृत राहिला. स्त्रीलिंगी अकारान्त नामांपुढे मात्र दोन वाटा असतात : एक 'बँका', 'नोटिसा' यांची, दुसरी 'मोटारी', 'फायली' यांची. 'बस' पहिल्या वाटेने गेली तर 'बसा' ही आदरार्थी आज्ञा होते. दुसरीने गेली तर चहाची 'बशी'! दोन्ही वाटा मराठीनेच अडविलेल्या आहेत. तेव्हा 'बसगाड्या', 'लोकल'प्रमाणे अविकृत 'बस', अथवा 'बसेस' एवढेच पर्याय उरतात. अशा स्थितीत 'बसेस'ला दोष देणे अन्यायाचे होय.

इंग्रजीचीही येथे अडचण झालेली आहे. 'बस' हे 'ओम्निबस'चे शेपूट. लॅटिनमध्ये ते चतुर्थीच्या अनेकवचनाचे रूप, अर्थ 'सर्वांसाठी'. त्या शेपटाला पुन्हा अनेकवचन लावताना 'एस' एक लिहावा की दोन, याविषयी इंग्रजी लेखन दीर्घकाळ डळमळत होते. दोन लिहिल्यास 'चुंबने' या अर्थाच्या जुन्या शब्दाशी गाठ पडते.

परंतु 'बसेस'ची सवलत 'सोसायटीज'ला देता येणार नाही. इंग्रजीत 'वाय' जाऊन 'आयई' येतो तो केवळ लेखनातील फेरफार. उच्चारात अखेरचा 'झ' तेवढा वाढतो. मराठीत 'सोसायट्या' होताना शब्दाचा अन्त्य स्वरच पालटतो, आणि 'सोसायट्यांना' असे अनुस्वारयुक्त सामान्यरूपही सहज सिद्ध होते. 'सोसायटीजना' म्हणताना सामान्यरूपाची ही सारी व्यवस्थाच टाकून द्यावी लागते. 'बँक्स' व 'फाइल्स' यांसही हाच दोष लागतो. तेथे गरजेची सबब नाही.

डोंबिवलीतील शिकवणीच्या पाट्यांवरील 'क्लासेस'ची गोष्ट निराळी. पुल्लिंगी 'क्लास' मराठीत दोन्ही वचनांत सारखाच राहतो, म्हणून व्याकरणास 'क्लासेस' अनावश्यकच. तथापि एका खोलीतील एकुलत्या वर्गाचीही पाटी 'क्लासेस' अशीच असते. तेथे ते अनेकवचन नसून व्यवसायाचे नाव झालेले आहे.