‘करनंदनवन’ आणि ‘कार्यक्षेत्र’ : परक्षेत्री कंपनीच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

१

परदेशी द्वीपांवर कंपन्या स्थापून कराचा भार हलका करण्याचा व्यवहार मराठी वाचकास मुख्यतः ‘करनंदनवन’ ह्या शब्दाच्या द्वारे परिचित झाला आहे. २०१६ मध्ये पनामा येथील एका विधिसंस्थेची कागदपत्रे उघडकीस आली, त्यासारख्या प्रसंगी हा शब्द हमखास भेटतो. त्याच्या मुळाशी असलेला इंग्रजी शब्द ‘हेवन’ हा होय. त्याचा अर्थ बंदर, आसऱ्याची जागा. स्वर्ग ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द उच्चाराने व लेखनाने त्याच्या अगदी जवळचा असला तरी निराळा आहे. ही सरमिसळ एकट्या मराठीत दिसते असे नाही. फ्रेंच व स्पॅनिश भाषांतही ह्या ठिकाणी ‘स्वर्ग’ ह्याच अर्थाचा शब्द योजला जातो. जर्मनने मात्र ‘मरुद्यान’ पसंत केले आहे.

केवळ व्युत्पत्तीच्या कारणास्तव रूढ शब्दाला दोष देणे हे भाषाशास्त्रास संमत नाही. प्रश्न निराळा आहे. शब्दाच्या ठायी असलेली प्रतिमा वाचकाच्या बुद्धीला कोणत्या दिशेने नेते, हा तो प्रश्न होय. नंदनवन हे उपभोगाचे स्थान आहे; तेथे जाणारा तेथेच रमतो. बंदरात शिरणारे जहाज मात्र त्या गावचे नसते. त्याचा माल दुसरीकडचा, त्याचे गिऱ्हाईक तिसरीकडचे. बंदराकडून त्याला हवा असतो तो केवळ निवारा. परक्षेत्री कंपनीचे नेमके लक्षण हेच आहे. ‘नंदनवन’ ह्या शब्दाने मत्सर तेवढा व्यक्त होतो, व्यवहाराची रचना व्यक्त होत नाही. यास्तव प्रस्तुत विवेचनात ‘करनिवारा’ हा शब्द योजला आहे.

२

ह्या रचनेचा उलगडा करण्यास कऱ्हाटीची, म्हणजे बारामती आणि इंदापूर ह्या भागाची, व्यवहारभाषा विशेष उपयोगी पडते. एकाच भूमीवर धनव्यवहाराची तीन रूपे क्रमाने नांदल्याचे हा प्रदेश दाखवितो. अठराव्या शतकात बारामतीस पेशव्यांशी सोयरीक असलेल्या नाईक सावकारांचे घराणे होते. कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) ह्यांना आश्रय मिळाला तो त्यांच्याच पदरी. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर, इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद ह्यांच्या उद्योगसमूहाने साखर कारखाना उभारला व वालचंदनगर वसले. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले. सावकारी, कंपनी आणि सहकारी संस्था ही ती तीन रूपे होत.

सावकारी व्यवहाराचा शब्द ‘पेढी’. त्यात जागा आणि जागेचा धनी दोघेही अंतर्भूत असतात. पेढी बुडाली म्हणजे धनी बुडतो. ‘कंपनी’ हा शब्द मराठीत आला तो ‘कंपनी सरकार’ म्हणून, सत्तेचा वाचक होऊन. त्याच्या भाषांतरादाखल आलेला ‘मंडळी’ हा शब्द ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’सारख्या नावांतून रुळला. ‘मंडळी’त माणसे दिसतात. कंपनीची विधिदृष्ट्या महत्त्वाची कल्पना मात्र माणसांहून निराळी अशी कृत्रिम व्यक्ती ही आहे, आणि तिचा वाचक शब्द नावाच्या शेवटी निमूटपणे येतो : ‘मर्यादित’. गावोगावच्या संस्थांच्या पाट्यांवर हा शब्द झळकतो. परंतु मर्यादित काय, तर भागधारकाची जबाबदारी, हे पाटी सांगत नाही.

३

सहकारी कारखान्याच्या पोटनियमांतील ‘कार्यक्षेत्र’ ह्या शब्दाकडे परिभाषाकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. कोणत्या गावांचा शेतकरी सभासद होऊ शकतो हे कार्यक्षेत्र ठरविते. संस्थेची नोंदणी, तिचे काम आणि तिचे सभासद ही तिन्ही एकाच भूमीला बांधलेली असतात.

करनिवाऱ्यातील कंपनीचा नियम ह्याच्या नेमका उलट आहे. ब्रिटिश व्हर्जिन बेटांच्या १९८४ च्या आंतरराष्ट्रीय व्यापारी कंपनी अधिनियमान्वये नोंदलेल्या कंपनीस त्या बेटांवरील रहिवाशांशी व्यापार करण्यास आणि, कार्यालयापुरता भाडेपट्टा वगळता, तेथील जमिनीत हितसंबंध ठेवण्यास मनाई होती. २००४ च्या अधिनियमाने ही व्यवस्था पालटली. तथापि मूळ कल्पना त्या मनाईतच स्पष्ट दिसते. नोंदणीक्षेत्र हेच जिचे निषिद्ध कार्यक्षेत्र, ती ही कंपनी.

मॉरिशसचे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तेथील उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर गेले. त्यांचे मराठी वंशज आजही तेथे आहेत. त्याच बेटाने १९९२ मध्ये परक्षेत्री व्यवहारांसाठी स्वतंत्र कायदा केला, व पुढे २००१ मध्ये जागतिक व्यवसाय परवान्यांची पद्धत आणली. पहिल्या वर्गाच्या परवान्यासाठी निदान दोन स्थानिक संचालक, मुख्य बँकखाते तेथेच, हिशेब व लेखापरीक्षण तेथेच अशा अटी होत्या. कराचा दर १५ टक्के असला तरी परदेशात भरलेला मानावयाचा ८० टक्के कर वजा जाता तो व्यवहारात ३ टक्क्यांपर्यंत उतरे. २०१८ च्या सुधारणेने ही पद्धत बदलली. भारत आणि मॉरिशस ह्यांच्यातील १९८२ च्या करारानुसार भागविक्रीवरील भांडवली लाभावर कर आकारण्याचा अधिकार विक्रेत्याच्या निवासराष्ट्राला, म्हणजे मॉरिशसला होता, आणि मॉरिशस तो आकारीत नसे. १० मे २०१६ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या भागांबाबत हा अधिकार भारताकडे आला.

मजूर बेटावर गेला तो देहाने. कंपनी गेली ती नोंदवहीतून. हा भेद ‘नोंद’ ह्या शब्दानेच स्पष्ट करता येतो. कऱ्हाटीतील शेतकरी कारखान्याकडे उसाची नोंद करतो तेव्हा ऊस शेतात उभा असतो. वस्तू आधी, नोंद मागाहून. कंपनीच्या बाबतीत नोंदणी आधी, व तिच्यायोगे वस्तू अस्तित्वात येते. पहिली नोंद वर्णन करते, दुसरी निर्माण करते. एकाच धातूपासून निघालेले हे दोन व्यवहार लेखकांनी एकरूप मानले की ‘तेथे कंपनी आहे’ ह्या वाक्याचा अर्थ ढिला पडतो.

‘परक्षेत्री’ हे विशेषण ‘किनाऱ्यापलीकडील’ ह्याहून ग्राह्य ठरते ते ह्याचमुळे. गांधीनगरची गिफ्ट सिटी साबरमतीकाठी, समुद्रापासून दूर आहे. तरीही तेथील आंतरराष्ट्रीय वित्तसेवा केंद्रातील वित्तसंस्था परकीय चलनविषयक कायद्याच्या दृष्टीने भारताबाहेरील रहिवासी मानली जाते. किनारा येथे भूगोलात नाही, कायद्यात आहे.

४

वृत्तपत्रीय मराठीचे आणखी दोन शब्द चिकित्सेस पात्र आहेत. पहिला ‘बनावट कंपनी’. ‘बनावट’ हे नाम असता त्याचा अर्थ घडण (‘भारतीय बनावटीचे यंत्र’), आणि विशेषण असता खोटी. प्रत्येक कंपनी पहिल्या अर्थी बनावटच असते. परक्षेत्री कंपनी दुसऱ्या अर्थी बनावट असतेच असे नाही; ती रीतसर नोंदलेली, शुल्क भरणारी, पूर्णपणे खरी असू शकते. तिला खोटी म्हटले की खऱ्या कंपनीने कायद्याच्या आधारे काय साधले, हा अधिक अवघड प्रश्न विचारावयाचाच राहतो.

दुसरा शब्द ‘कर चुकविणे’. ‘कर चुकता केला’ म्हणजे पुरता भरला; ‘कर चुकविला’ म्हणजे भरला नाही. एका धातूची ही दोन टोके मराठी भाषकाला अडचणीत टाकीत नाहीत. अडचण आहे ती दुसऱ्या टोकातच. उत्पन्न लपवून केलेला अपराध आणि कायद्याच्या चौकटीत राहून टाळलेला कर, ह्या दोहोंना ‘चुकविणे’ हेच क्रियापद लावले जाते. पहिल्यास ‘करचुकवेगिरी’ व दुसऱ्यास ‘करटाळणी’ असा भेद कटाक्षाने पाळला पाहिजे.

५

हे भेद केवळ कोशकारांच्या कामाचे आहेत असे समजण्याचे कारण नाही. व्होडाफोन प्रकरणात २००७ साली केमन बेटांवरील एका कंपनीच्या एकमेव भागाचे हस्तांतर झाले, आणि त्याबरोबर भारतातील दूरध्वनी व्यवसायातील मोठा हिस्सा हस्तांतरित झाला. २० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कराची मागणी फेटाळली. त्याच वर्षी संसदेने आयकर अधिनियमाच्या नवव्या कलमातील ‘थ्रू’ ह्या एका शब्दयोगी अव्ययाचे पूर्वलक्षी स्पष्टीकरण दिले व त्यात साधन, परिणाम आणि कारण हे तिन्ही अर्थ गोवले. मराठीत साधनास ‘द्वारे’ किंवा ‘मार्फत’, तर कारणास ‘मुळे’ म्हणतात. मराठी मसुदाकाराला ही निवड आरंभीच करावी लागली असती. कोणतीही भाषा न्यायनिर्णय आपोआप करून देत नाही, हे खरे. पण प्रश्न कोठे दडला आहे हे दाखविण्याचे सामर्थ्य तिच्यात असते. २०२१ मध्ये ह्या पूर्वलक्षी तरतुदीचा जुन्या व्यवहारांपुरता अंमल मागे घेण्यात आला.

ह्याच जातीचा वाद सहकारी साखर कारखान्यांच्या वाट्यास आला, आणि तेथे शब्द होता ‘दर’. किमान वैधानिक दरापेक्षा अधिक दिलेली रक्कम ही उसाची किंमत, की सभासदांत वाटलेला नफा? किंमत असेल तर ती खर्चात धरली जाते. नफा असेल तर त्यावर कर लागतो. सभासद नसलेल्यांसही तोच दर दिला जातो, असे कारखान्यांचे म्हणणे होते. २०१९ मध्ये तासगाव कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंतिम दरातील नफ्याचा अंश तपासून वेगळा काढण्याचे काम कर-अधिकाऱ्यांकडे सोपविले. त्यापूर्वीच, २०१५ च्या वित्त अधिनियमाने, शासनाने निश्चित वा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून मान्य झाली होती; २०२३ मध्ये २०१६-१७ पूर्वीच्या वर्षांसही दिलासा मिळाला, व तो सुमारे १०,००० कोटी रुपयांचा असेल असे अर्थसंकल्पीय भाषणात सांगण्यात आले.

येथे स्थानिक परिभाषेलाही निर्दोष ठरविता येणार नाही. ‘पहिली उचल’, ‘हप्ता’, ‘अंतिम दर’ ही पदावली शेतकऱ्याला परिचित व सोयीची आहे. परंतु हिशेब पुरा झाल्यावर ठरणाऱ्या रकमेस ‘दर’च म्हणत राहिल्याने तीत वाढाव्याचा अंश असू शकतो, ही गोष्ट तिने झाकली. कर-विभागाच्या शंकेत तथ्यांश होता, तो इतकाच.

६

तात्पर्य, करविषयक मराठीत आज दोन प्रवृत्ती आढळतात. एक निंदेचे शब्द वापरून रचना झाकते, दुसरी आपुलकीचे शब्द वापरून रचना झाकते. ‘करनंदनवन’ व ‘बनावट’ हे पहिलीचे, ‘अंतिम दर’ हे दुसरीचे उदाहरण. कारखान्याच्या वार्षिक सभेत मराठी अहवाल हाती घेऊन ताळेबंदावर प्रश्न विचारणारा सभासद परिभाषेचा खरा परीक्षक आहे. कंपनी कोठे नोंदली, काम कोठे करते, लाभ कोणाला होतो आणि कर कोठे भरते, हे चार प्रश्न त्याला त्याच्याच शब्दांत विचारता आले पाहिजेत. ‘नोंद’, ‘कार्यक्षेत्र’, ‘सभासद’ आणि ‘दर’ हे शब्द त्याच्यापाशी आहेतच. त्यांच्या अर्थाच्या कडा रेखीव करणे हे विद्यापीठीय अभ्यासकाचे काम आहे. नवे शब्द घडविण्याची वेळ त्यानंतर येते.