उसना चाबूक, उसने ठग

'इंडियाना जोन्स' हे पात्र जन्मालाच आलं ते उसन्या कपड्यांत. जॉर्ज लुकासच्या डोक्यात जुने सिरियलपट होते, स्टीव्हन स्पीलबर्गला बॉन्डपट करायचा होता. या दोन हौशींतून १९८१चा 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' निघाला. हॅट आणि चामड्याचं जाकीट 'सीक्रेट ऑफ द इन्काज'मधल्या (१९५४) चार्ल्टन हेस्टनचं, मागे लागलेला गडगडता धोंडा कार्ल बार्क्सच्या अंकल स्क्रूजच्या चित्रकथेतला, शेवटचं खोक्यांचं गोदाम थेट 'सिटिझन केन'ची आठवण देणारं. चाहते ही यादी हौसेनं वाढवत नेतात. वाढवोत बापडे.

ट्रकचा पाठलाग मात्र नीट पाहावा. १९३९च्या 'स्टेजकोच'मध्ये याकिमा कनट हा स्टंटमन धावत्या घोड्यांच्या मधे पडतो आणि अख्खी गाडी त्याच्यावरून निघून जाते. स्पीलबर्गनं घोडे काढून ट्रक आणला आणि टेरी लेनर्डला त्याखालून सरपटवलं. त्यासाठी ट्रक उंच करून घेतला, रस्त्याच्या मधोमध चर खणला. म्हणजे कल्पना उसनी असली तरी जोखीम नव्यानं पत्करावी लागली. धुळीत फरफटणारं ते शरीर दिसतं, आणि आपण चोरीचा विचारही करत नाही.

शक्याशक्यतेचं गणितही असंच. १९३६च्या इजिप्तमध्ये, ब्रिटिश फौजा मुक्कामाला असताना, जर्मन सैनिक हरवलेल्या पेटीसाठी राजरोस उत्खनन करतात हे कुणाला पटावं? पण कथेच्या आतली साखळी बघा. पेटीची जागा दाखवणारं तापलेलं पदक उचलताना नाझी हस्तक टोटचा तळवा भाजतो, त्या डागावरून नाझींना पदकाची एकच बाजू मिळते, म्हणून पदक बसवायची त्यांची काठी जास्त लांब होते आणि ते भलतीकडेच खणत बसतात. नायक नसता तरी नाझी पेटी उघडून भस्म झालेच असते, हा आक्षेप 'द बिग बँग थिअरी' मालिकेमुळे घरोघरी पोचला. आक्षेप चूक नाही. तरी चित्रपट कोसळत नाही, कारण प्रत्येक पावलाला आधीच्या पावलाचा आधार आहे.

'टेम्पल ऑफ डूम'मध्ये (१९८४) हा आधार सुटला. इथे स्टंटबरोबर 'गंगा दीन'मधले (१९३९) ठग उचलले, आणि त्यांच्यासोबत साहेबाची नजरही आली. ब्रिटिश अधिकारी स्लीमननं १८३०च्या दशकात मोडून काढलेले ठग १९३५मध्ये राजवाड्याखाली नरबळी देतात, संस्थानिकाच्या पंगतीत माकडाचा मेंदू वाढला जातो. भारत सरकारशी संहितेवरून बिनसल्यावर चित्रीकरण श्रीलंकेत झालं. त्यामुळे उत्तर भारतातले हे गावकरी चक्क सिंहली बोलतात. ट्रकखालच्या चरासाठी घेतलेले कष्ट इथे कुणी घेतले नाहीत, कारण 'तिकडचं' सगळं असंच असतं, हे आधीच ठरलेलं होतं. वाईट वाटतं ते अमरीश पुरींचं. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरून निघालेल्या 'भूमिका'मध्ये त्यांचा काळे आवाजसुद्धा न चढवता नायिका उषाला घरात डांबतो. तो अंगावर येतो. इथला त्यांचा मोलाराम माणसाचं काळीज उपटून काढतो, आणि आपण मुखवटा बघत बसतो.

पुढच्या भागांकडे धावतं पाहिलं तरी चालेल. अपवाद 'लास्ट क्रुसेड'चा (१९८९). पेट्राच्या त्या दर्शनी भिंतीमागे खरं तर ओकीबोकी दालनंच आहेत, पण शॉन कॉनरी आणि हॅरिसन फोर्ड बापलेक म्हणून भांडत असताना पुरातत्त्व कुणाला आठवतं? २००८च्या 'क्रिस्टल स्कल'मध्ये नायक अणुस्फोटातून फ्रिजमध्ये बसून वाचतो. अणुस्फोट आणि फ्रिजची ही जोडी 'बॅक टू द फ्युचर'च्या जुन्या मसुद्यात होती. तिथून सुटली ती इथे उगवली. पेटीतून भुतं निघालेली चाललेल्या प्रेक्षकाला फ्रिज का खटकला? भुतांची भीती वाटेल अशी तयारी चित्रपटानं केली होती. फ्रिजमधून माणूस कपडे झटकत उठतो, त्याला साधं लंगडावंही लागत नाही.

'डायल ऑफ डेस्टिनी'नं (२०२३) अँटिकिथेरा यंत्र आणि आर्किमिडीज घेतले खरे, पण सुरुवातीलाच उसनवारी केली ती स्वतःकडून. १९४४ सालच्या आगगाडीवर संगणकानं तरुण केलेला फोर्ड धावतो, लढतो. चेहरा जवळजवळ हुबेहूब जुना आहे. टपावरून तो पडेल अशी भीती मात्र एकदाही वाटत नाही.