शबाच्या राणीचे कूटप्रश्न : एक परीक्षण

जुनीं बाडें चाळणाऱ्यांस एक अनुभव वारंवार येतो. पदें, औषधांचे पाठ, देण्याघेण्याचीं टिपणें यांच्या मध्येंच एखादें पान उखाण्यांचें किंवा कूटश्लोकांचें लागतें. साताऱ्यास अध्यापन करीत असतां व पुढें सांगलीस राहावयास आल्यावर आम्हींही अशीं पानें पुष्कळ पाहिलीं आणि, खरें सांगावयाचें तर, 'मनोरंजन' असा शेरा मारून बाजूस ठेविलीं. तो शेरा घाईचा होता, असें आम्हांस यहुदी धर्मग्रंथांतील एका प्रकरणानें वाटावयास लाविलें. त्या प्रकरणाचेंच येथें परीक्षण करण्याचें योजिलें आहे.

'पहिले राजे' या पुस्तकाच्या १० व्या अध्यायांत, व पुन्हां 'दुसरा इतिहास' याच्या ९ व्या अध्यायांत, शबाची राणी शलमोनाची कीर्ति ऐकून यरुशलेमेस येते. बरोबर मोठा लवाजमा, उंटांवर सुगंधी द्रव्यें, सोनें व रत्नें. ती राजाची परीक्षा घेते, तो सर्व प्रश्नांचीं उत्तरें देतो, ती थक्क होते, १२० किक्कार सोनें त्यास देते व स्वदेशीं परतते. प्रश्न कोणते होते, हें मात्र मूळ ग्रंथ सांगत नाहीं. एकही प्रश्न तेथें दिलेला नाहीं.

मूळ इब्री शब्द 'हीदा', अनेकवचनीं 'हीदोथ'. शमशोनानें आपल्या विवाहप्रसंगीं सिंहाच्या धडांतील मधाविषयीं पलिष्ट्यांस जें घातलें, तीही 'हीदा'च. प्रचारांतील मराठी भाषांतरांत शमशोनाच्या वेळीं 'कोडें' व राणीच्या वेळीं 'कूट प्रश्न' असे दोन शब्द आले आहेत. त्यामुळें मूळांत शब्द एकच आहे हें मराठी वाचकास कळत नाहीं. तरी राणीच्या बाबतींत 'कूट' हा शब्द आम्हांस अधिक समर्पक वाटतो. संस्कृतांत 'कूट' म्हणजे गूढ, आणि कपटही. महाभारतांतील कूटश्लोक एका बाजूस व कूटलेख दुसऱ्या बाजूस. कागदपत्रें जमविणाऱ्यांस दुसऱ्या अर्थाची ओळख आम्हीं करून द्यावयास नको! यहेज्केलाच्या १७ व्या अध्यायांत गरुड व द्राक्षवेल यांची जी 'हीदा' आहे, ती तर उघडच बाबेल व यहूदा येथील राजांच्या राजकारणाविषयीं आहे. शिवाय राणीच्या परीक्षेस जें क्रियापद योजिलें आहे, तेंच देवानें अब्राहामाची परीक्षा पाहिली तेथें येतें. सणासुदीच्या करमणुकीस हें क्रियापद जड पडतें.

प्रकरणाची मांडणीही पाहण्याजोगी आहे. १० व्या वचनांत राणी सोनें देते, १३ व्या वचनांत शलमोन तिला तिनें मागितलें तें देतो. आणि मध्यें ११ व १२ या वचनांत हिरामाच्या तारवांनीं ओफिराहून सोनें व आल्मग लांकूड आणिल्याची हकीकत घुसली आहे. जोडकाम कोठें झालें तें डोळ्यांस दिसतें. परंतु जोडणाऱ्याचा हेतु आम्हांस निरर्थक वाटत नाहीं. शबा म्हणजे दक्षिण अरबस्थानांतील सबा. धूप व ऊद यांचा तेथील व्यापार उंटांच्या वाटेनें चाले. शलमोनानें तांबड्या समुद्रांत तारवें घातलीं, हें मागच्याच अध्यायाच्या शेवटीं आलें आहे. ज्याचीं गलबतें आपल्या व्यापाराच्या वाटेवर उतरलीं, तो राजा किती पाण्यांत आहे हें पाहावयास परराज्याची स्वामिनी येते, असा या प्रकरणाचा अर्थ आम्ही करितों. हा आमचा तर्क आहे. ग्रंथाचें शब्दशः विधान नव्हे. (ओफीर म्हणजे आपलें सोपारें, असेंही कित्येकांनीं प्रतिपादिलें आहे. नामसादृश्यापलीकडे त्यास भरभक्कम आधार आम्हांस दिसत नाहीं.)

मूळांतील मौन पुढील पिढ्यांस सोसलें नाहीं. नीतिसूत्रांवरील यहुदी मिद्राशांत राणीच्या तोंडीं प्रश्न घातले गेले : सात जातात, नऊ येतात, दोन पाजतात, एक पितो, तें काय? उत्तर : रजोदर्शनाचे सात दिवस, गर्भाचे नऊ महिने, दोन स्तन व एक बालक. आमच्याकडील माजघरांत हा उखाणा कोणास परका वाटला नसता. पण राजकारण येथें पार नाहींसें झालें आहे. कुराणाच्या २७ व्या सुऱ्यांत तर परीक्षेची दिशाच उलटते. तेथें सुलेमानच राणीचें सिंहासन बदलून तिची परीक्षा पाहतो, आणि कांचेची भूमि पाणी समजून ती पोटऱ्यांवरून वस्त्र वर घेते. सभापर्वांत मयसभेंतील स्फटिकभूमीस जळ समजून दुर्योधन वस्त्रें सांवरतो, त्याची येथें कोणासही आठवण होईल. कोणी कोणाचें घेतलें, हें सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. दोन कथांत एक प्रसंग सारखा आढळला कीं लगेच उसनवारी ठरविण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, परीक्षक होती ती परीक्ष्य झाली. बृहदारण्यकांत गार्गी दोनदां प्रश्न करिते आणि याज्ञवल्क्यास कोणी जिंकणार नाहीं हा निर्णयही तीच देते. मूळ इब्री प्रकरणांत राणीचें स्थान त्याच जातीचें आहे. शलमोनाच्या शहाणपणास परकी साक्ष तिची आहे, आणि साक्षीदाराचा मान कमी केला तर साक्षीचें वजनही घटतें, हें उत्तरकालीन रचनाकारांच्या ध्यानीं आलें नाहीं.

आमच्या बखरींचा अनुभव निराळा नाहीं. सभासदानें १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिलें. मल्हार रामराव चिटणीसांनीं साताऱ्यास लिहिलें तें त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं. दुसऱ्या बखरींत विस्तार अधिक, म्हणूनच संशोधक ती जपून वापरतात. ज्या प्रसंगाविषयीं जुना लेखक गप्प आहे आणि नवा बोलका आहे, तेथें नव्याची सोय कशांत होती हें आधीं पाहावें लागतें. मिद्राशकारास सभेंत म्हणावयास कोडीं हवीं होतीं. हबशी 'केब्र नगस्त' ग्रंथाच्या कर्त्यास आपल्या राजवंशाचा मूळपुरुष हवा होता, म्हणून तेथें राणीस शलमोनापासून मेनेलिक हा पुत्र होतो.

हें लिहितांना आम्हीं बाजूस ठेविलेलीं तीं पानें पुन्हां काढिलीं. बहुतेक खरोखरच घरगुती आहेत. एका पानावर मात्र प्रश्न एका हातचे व उत्तरें दुसऱ्या हातचीं आहेत, शाईही निराळी आहे, आणि शेवटच्या दोन प्रश्नांपुढें जागा कोरी सोडलेली आहे.