अहिंसा : साम्य नेमके कुठे?

हिंदू आणि ख्रिस्ती अहिंसेवरचे बरेचसे लेखन वचनाला वचन जुळवून थांबते. आमच्या मैंदर्गीत मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. शब्द जुळला म्हणजे अर्थ जुळतोच असे नाही, हे इथे लवकर कळते. म्हणून मी वचने बाजूला ठेवून विचाराची दिशा पाहिली.

मत्तयाच्या ५व्या अध्यायात येशू हत्येचा दोष मनातल्या रागापर्यंत नेतो. १२९० च्या ज्ञानेश्वरीतील १३व्या अध्यायात अहिंसा मनात रुजते, मगच पाऊल, वाणी, दृष्टी आणि हात यांतून दिसते. दोघेही आपल्याच परंपरेला जाब विचारतात : येशू जशास तसे या न्यायाला, ज्ञानेश्वर यज्ञातील पशुहत्येला.

फरक लपवू नये. या अध्यायात ज्ञानेश्वरांचे लक्ष पायाखालच्या जिवाकडे आहे, तर येशूचे समोरच्या शत्रूकडे. पण पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांचा दुष्टपणा जावा, एवढेच मागणे आहे. शत्रूसाठी प्रार्थना करा म्हणणारा येशू इथे त्यांच्या सर्वांत जवळ येतो.

वचने जुळवणे सोपे आहे. आपल्या वैऱ्यासाठी असे मागणे मात्र दोन्ही धर्मांच्या माणसांना सारखेच जड जाते. खरे साम्य तिथे तपासावे.