कल, क्षमता आणि निवड : माध्यमिक शाळेतील व्यवसाय-मार्गदर्शनाची एक चिकित्सा

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यास व्यवसायाविषयी मार्गदर्शन मिळाले पाहिजे, या मागणीस आता उघड विरोधक उरलेला नाही. ज्या विचारास विरोधक उरत नाही, त्याची चिकित्साही सहसा थांबते. महाराष्ट्रात २०१६ साली राज्य मंडळाच्या दहावीच्या १५ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची कल-चाचणी घेण्यात आली आणि पुढेही काही वर्षे हा उपक्रम चालला. कृषी, वाणिज्य, ललित कला, कला व मानव्यविद्या, आरोग्य व जीवविज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे ठरवून त्यांपैकी विद्यार्थ्याचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे, हे त्यास कळविले गेले. चाचणीची रचना कितपत शास्त्रशुद्ध होती, हा वाद मानसमापनाच्या अभ्यासकांचा होय. त्याच्या आधी येणारा प्रश्न वेगळाच आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची आवड मोजल्याने त्याच्या निवडीस नेमके कोणते साहाय्य होते?

या विचाराचे मूळ सामान्यतः फ्रँक पार्सन्स यांच्यापर्यंत नेले जाते. १९०८ च्या जानेवारीत बॉस्टन येथे त्यांनी व्यवसाय-मार्गदर्शनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते निवर्तले आणि ‘चूझिंग अ व्होकेशन’ हा त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. पार्सन्स यांच्या मते योग्य निवडीस तीन अंगे असतात : स्वतःची ओळख, धंद्यांची ओळख आणि या दोहोंच्या संबंधाचा स्वतः केलेला विचार. यांपैकी पहिल्या अंगाच्या बाबतीत ते स्वतः फारसे भरवशाचे मार्गदर्शक नव्हते. उमेदवाराशी बोलता बोलता त्याच्या डोक्याची ठेवण न्याहाळून ते अनुमाने काढीत, हे आज वाचताना हसू येते. दुसरे अंग मात्र त्यांनी कष्टाने उभे केले आहे. उद्योगांची वर्गवारी, स्त्रियांना खुल्या असलेल्या कामांच्या याद्या, मागणीचे आकडे यांनी ग्रंथाचा मोठा भाग व्यापला आहे. तिसऱ्या अंगाविषयी ते निःसंदिग्ध आहेत. कोणीही दुसऱ्यासाठी धंदा ठरवू नये, असा त्यांचा दंडक होता.

पार्सन्स यांच्यानंतर ही तीन अंगे सारखी वाढली नाहीत. जे मोजता येते ते वाढले. १९२७ मध्ये एडवर्ड स्ट्राँग यांची अभिरुची-सूची प्रसिद्ध झाली. एखाद्या धंद्यात स्थिरावलेल्या माणसांच्या आवडीनिवडींशी उमेदवाराच्या आवडीनिवडी कितपत जुळतात, हे पाहण्याची तिची पद्धती कल्पक होती यात शंका नाही. परंतु तिच्या पोटी एक गृहीत दडलेले आहे. जे आज त्या धंद्यात आहेत, त्यांच्याशी असलेले साम्य म्हणजेच त्या धंद्याची पात्रता होय, असे ती धरून चालते. ज्या समाजात धंद्यांची दारे पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून उघडत आणि मिटत आली, तेथे हे गृहीत निरुपद्रवी राहत नाही.

म्हणूनच या विषयाची चर्चा महाराष्ट्रात करताना बॉस्टनइतकेच लाहोरचेही स्मरण व्हावयास हवे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलेले आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे १९३६ मध्ये त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केलेले ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण व्यवसाय-मार्गदर्शनाच्या पाठ्यक्रमात सहसा आढळत नाही. वस्तुतः या विषयाचा इतका नेमका निकष अन्यत्र क्वचितच सापडेल. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यातील विचार सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या लगतचा मुद्दा तेवढा परिचित नाही. व्यक्तीची क्षमता इतकी वाढविली पाहिजे की, स्वतःचा व्यवसाय निवडण्यास आणि घडविण्यास ती स्वतःच समर्थ व्हावी, असे आंबेडकर तेथे प्रतिपादितात. हा विचार, आणि बव्हंशी त्याची शब्दयोजनाही, जॉन ड्यूई यांच्या १९१६ मधील ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथातून आली आहे. १९१३ ते १९१६ या काळात आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि ड्यूई तेथे अध्यापन करीत होते, हे येथे ध्यानात ठेवावे. दोन्ही पाठ शेजारी ठेवले असता एक फरक दिसतो. मुलांचे धंदे पालकांची संपत्ती अथवा सामाजिक दर्जा पाहून आगाऊ ठरविले जातात, अशी ड्यूई यांची तक्रार आहे. आंबेडकरांच्या वाक्यातून संपत्ती गळते आणि केवळ दर्जा उरतो. अमेरिकन समाजासाठी लिहिलेला विचार भारतीय समाजास लावताना त्यांनी तो कोठे कापला, हे या एका शब्दावरून कळते.

दोघांच्याही लेखनातील दुसरा एक शब्द आजच्या चर्चेस अधिक उपयोगी आहे. धंद्याची निवड मूळ क्षमतांवरून व्हावी, असे ते नुसते म्हणत नाहीत. शिक्षणाने कसलेल्या मूळ क्षमतांवरून ती व्हावी, असे म्हणतात. आधी शिक्षण, मग निवड, असा हा क्रम आहे. कल-चाचणीने तो उलटा केला. ज्याने कधी यंत्रशाळेचा उंबरठा ओलांडला नाही, त्यास यंत्रकामाची आवड आहे किंवा नाही असे विचारल्यास उत्तर मिळेल. ते प्रामाणिकही असेल. परंतु ते यंत्रकामाविषयीचे उत्तर नसेल. घरात, गल्लीत आणि पडद्यावर जे दिसले, त्याविषयीचे ते उत्तर होय. परिस्थितीने जे अगोदरच ठरविले आहे, ते अशा रीतीने मुलाच्याच तोंडून वदवून त्यावर त्याचा स्वतःचा कल म्हणून शिक्का मारला जाण्याचा धोका येथे उद्भवतो.

क्षेत्रांची यादीही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजे मुदलियार आयोगाने, बहुउद्देशीय शाळांसाठी सात गट सुचविले होते : मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललित कला आणि गृहविज्ञान. साठाहून अधिक वर्षांनंतरच्या यादीत गृहविज्ञानाच्या जागी गणवेशधारी सेवा आल्या आणि विज्ञान आरोग्य व जीवविज्ञानापुरते आकसले. बाकी आराखडा जवळपास तोच राहिला. गणवेशधारी सेवा वगळल्यास यांतील बहुतेक नावे धंद्यांपेक्षा विद्याशाखांचीच अधिक आहेत. अकरावीच्या प्रवेश-अर्जावरील रकाने भरण्यास अशी यादी सोयीची असते. धंद्यांची ओळख तिने होत नाही.

मार्गदर्शक माणूस हा या व्यवस्थेतील सर्वांत क्षीण दुवा होय. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मार्गदर्शन हा शिक्षणाचा अविभाज्य भाग मानला आणि ते थोड्या अडचणीत आलेल्या मुलांपुरते नसून सर्वांसाठी असावे, असे म्हटले. तथापि किमान कार्यक्रम म्हणून त्याच आयोगाने सुचविले ते दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक. तत्त्व एवढे व्यापक आणि तरतूद एवढी तोकडी, हे अंतर भरून काढण्यासाठी पुढे छापील अहवाल आणि संगणक आले. पण पार्सन्स यांचे तिसरे अंग, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः केलेला विचार, संभाषणावाचून घडत नाही. २०१६ मध्ये कलाचा अहवाल गुणपत्रिकेबरोबर हाती पडला. प्रवेशाची घाई लागलेल्या कुटुंबात त्यावर विचार करण्यास अवसर किती मिळाला असेल, हे सांगावयास नको.

या ठिकाणी समाजशास्त्रज्ञांचा एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. केन रॉबर्ट्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९६८ मध्ये मांडले की, शाळा सोडणारी बहुसंख्य मुले व्यवसाय निवडीतच नाहीत. स्थानिक संधींची रचना त्यांना जिकडे नेते तिकडे ती जातात आणि महत्त्वाकांक्षा मागाहून तिच्याशी जुळवून घेतात. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला ही एकच शाखा असलेल्या गावातील मुलीस हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. आक्षेप खरा आहे. परंतु संधी थोड्या आहेत म्हणून निवडीचे सामर्थ्य वाढविणे व्यर्थ ठरते, असा निष्कर्ष त्यातून काढल्यास तो पुन्हा आगाऊ नेमणुकीकडेच नेतो.

या कोंडीतून बाहेर नेणारा एक प्रयत्न महाराष्ट्रातच झाला आणि त्याने मार्गदर्शन हे नाव घेतले नाही, ही गोष्ट बोलकी आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथून ग्रामीण माध्यमिक शाळांत पसरलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान’ कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुले-मुली अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चारही विभागांत हाताने काम करतात. गावास उपयोगी पडेल असे काम करावयाचे आणि शिकवावयास जाणकार स्थानिक कारागीर घ्यावयाचा, अशी तेथील रीत आहे. वेल्डिंग करून पाहिलेली मुलगी वेल्डिंग नको म्हणाली, तर त्या नकारास अर्थ असतो. या कार्यक्रमातही उणीव आहेच. हातांना जे कळले त्यावर बसून बोलण्याची स्वतंत्र तजवीज त्यात ठळक नाही, आणि कचेरी, रुग्णालय, न्यायालय यांची कामे गावच्या कार्यशाळेत दिसत नाहीत. तथापि आधी अनुभव आणि मग कौल, हा क्रम तेथे सरळ आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकण्याची कल्पना मांडली आहे. दिशा योग्य असली तरी या यादीतील सुतार आणि कुंभार हे आपल्याकडे केवळ धंदे नव्हेत, त्या जातीही आहेत. या दहा दिवसांत कुंभाराचा मुलगा पुन्हा चाकापाशीच बसविला जातो की छापखान्यात अथवा प्रयोगशाळेत जातो, आणि ज्या घरात मातीस कोणी हात लावला नाही तेथील मूल चाकापाशी येते की नाही, हे धोरणाच्या मजकुरात लिहिलेले नाही. गट पाडणाऱ्या वर्गशिक्षकाच्या हाती ते आहे.