आलेख सपाट झाला, म्हणजे ट्यूनिंग झालं?

लॉगवरून फ्युएल मॅप सुधारल्याचा आलेख प्रबंधांत हमखास दिसतो. आधी वेडीवाकडी रेघ, नंतर सपाट. छान दिसतं, पण वाचताना तीन प्रश्न विचारा.

एक, उशीर धरलाय का? जळालेला वायू एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, कमी आरपीएमला जास्तच. तो वजा केला नाही, तर दुरुस्ती मॅपच्या भलत्याच रकान्यात जाते.

दोन, मिसफायर तपासलाय का? सेन्सर पेट्रोल मोजत नाही. ठिणगी चुकली की न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि आलेख ‘लीन’ दाखवतो. मिश्रण आधीच रिच असेल आणि तुम्ही आणखी इंधन वाढवलंत, तर फसलात.

तीन, १४.७ कुठून आला? तो निव्वळ पेट्रोलचा. इथेनॉलचा सुमारे ९. ई२० साठी १४.७ धरून इंधनाचं वजन काढलं, तर मिश्रण लीन होतं. म्हणून लॅम्डाच लिहा.

पहिल्या वर्षी माझीही रेघ अशीच सपाट होती. ज्या लॉगवर मॅप बसवला, त्याच लॉगवर तपासला होता! दुसऱ्या दिवशी नवा लॉग घेतला, आणि रेघ पुन्हा वाकडी. प्रबंधात तो दुसरा आलेख द्या.